अकरा नंबर खोटं बोलते

सोमवारी तळघराचं दार खांद्यानं ढकलावं लागतं.
कुताइसीच्या या जुन्या रेडिओ इमारतीत
रिओनी नदीची ओल भिंतींतून वर चढते,
म्हणून आधी ओलाव्याचा आकडा, मग तापमान,
मग स्वेटरच्या बाह्या सारून
पंख्यांच्या जाळ्यांवरची धूळ.
गेल्या खेपेला जाळीत कबुतराचं पीस निघालं.
तळघरात कबूतर कसं आलं,
लॉगमध्ये नोंद नाही.

चोवीस डिस्क. चोवीस हिरवे दिवे.
ओतारनं निवृत्त होताना एक चौकटींची वही दिली,
शाळकरी पोराची असते तशी.
पहिल्या पानावर लिहिलं होतं:
दिव्यावर विसंबू नकोस, त्सिउरी. कान लाव.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
अकरा नंबर खोटं बोलते.

मी कान लावते.
बाकीच्या एका सुरात घुमतात,
अकरा नंबर मधेच आवंढा गिळते.
अहवाल मात्र स्वच्छ. चाचणी उत्तीर्ण.
आमचा बादरीमामा असाच,
डॉक्टरांना सांगायचा, झोप छान, भूक छान,
आणि घरी येताना दर दिव्याच्या खांबाशी थांबायचा,
जसं काही खांबावरच्या जाहिराती वाचतोय.

महिन्यातून एका रात्री यंत्र स्वतःला वाचून काढतं,
पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत,
कुठे काय झिजलं, कुठे काय पुसलं गेलं.
परवा सात जागा सापडल्या.
सातही अकरावर.

मग काय. खटका दाबला, ट्रे ओढला.
हातात आली तेव्हा कोमट होती.
नवी सरकवली. दिवा पिवळा.
बाकीच्या तेवीस आता आठवून आठवून
तिला तिचं सगळं सांगणार:
एकतीस तास.
टक्के मुंगीच्या पावलांनी.

रात्री पहारेकरी गुरामी आला, खिशात चाचाची बाटली.
जुनी डिस्क टेबलावर ठेवून त्यानं टोपी काढली.
"नऊ वर्षं फिरली बिचारी,
आणि गेली कुठेच नाही."
गेलेल्यांसाठी एक पेला झाला
की पुढचा जन्मलेल्यांसाठी, हा आमचा रिवाज,
म्हणून दुसरा नवीसाठी.
मी नुसते ओठ ओले केले.
एकतीस तास बाकी होते ना.

चौसष्ट टक्क्यांवर चार नंबर अडखळली.
एकदा. परत एकदा.
अजून एक गेली तर निभेल,
दोन गेल्या तर साठ वर्षांची गाणी, बातम्या, भाषणं,
सगळ्याचा भुगा.
अशा वेळी हात शिवशिवतात:
केबल हलवून बघू, बंद करून चालू करू.
वहीत याच्यावर एकच ओळ आहे:
हात मांडीखाली घालून बस.
बसले.
गुरामी घोरत होता.
चार नंबरनं खाकरून घसा साफ केला
आणि पुढं बोलू लागली.

मंगळवारी संध्याकाळी दिवा हिरवा.
काम संपत नाही इथे.
साठवलेलं परत निघतं का, हे बघायचं उरतं;
न उघडलेला बॅकअप म्हणजे
लोणच्याची बंद बरणी, आत बुरशी की फोडी, देव जाणे.
डोळे मिटून एक फाइल निवडली.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर, ऑक्टोबर, चार मिनिटं.
खुर्ची करकरली. कागद उलटला.
एक बाई माइकपासून तोंड फिरवून खोकली, मग म्हणाली:
उद्या इमेरेतीत सकाळी धुकं,
दुपारनंतर ऊन.
गाद्या वाळत घालायला हरकत नाही.

तो उद्या कधीच वाळून घडी होऊन कपाटात गेला.
जपण्याजोगा होता का?
वहीत तसा रकानाच नाही.
तारीख, फाइल, लांबी, आणि शेवटी 'ऐकली'.
मी 'ऐकली' लिहिलं.
पुन्हा एकदा ऐकली, ते लिहिलं नाही.

मग पहिलं पान उघडून
ओतारच्या ओळीखाली, माझ्या शाईत:
अकरा नंबर, नवी.
अजून तरी खरं बोलते.